पट्ट्या काळ्या वाळूने भरतात आणि सोनं निसटतं: छोट्या स्लूस बॉक्सचं नेहमीचं दुखणं

स्लूस बॉक्स म्हणजे तळाला आडव्या पट्ट्या लावलेली उतरती, लांबट पेटी. वरून पाणी आणि माल सोडला की वाळू वाहून जाते आणि जड सोनं पट्ट्यांमागे अडकतं. पहिली दहा मिनिटं सगळं छान चालतं. पाणी पट्ट्यांवरून खळखळत जातं, वाळू पुढे सरकते. मग पट्ट्यांमागच्या खाचा काळ्या वाळूने भरू लागतात. अर्ध्या तासात पट्ट्या दिसेनाशा होतात, वरचा थर घट्ट बसतो आणि त्यानंतर टाकलेला सगळा माल त्या गुळगुळीत थरावरून घसरत थेट खालच्या टबात जातो. साफ करायचं, पुन्हा सुरू करायचं, पुन्हा तेच. शेवटी खालच्या टबातला गाळ परातीत धुऊन बघितला की त्यात बारीक पिवळे कण दिसतात. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच बाहेर गेलेलं असतं.

हे मी दोन वर्षं भोगलं आहे. आता माझी पन्हळ नीट चालते. (स्लूस बॉक्सला आमच्या घरात सगळे पन्हळच म्हणतात, मीही तेच लिहिते.) नव्याने सुरुवात करणारा जवळजवळ प्रत्येकजण इथेच अडकतो आणि जवळजवळ प्रत्येकजण एकच चुकीचा उपाय करतो: पाणी वाढवतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आमच्याकडे पन्हळ आली कशी ते सांगते, कारण माल कुठला आहे यावर बरंच अवलंबून असतं. मी नाशिकमध्ये अंबडला एका कारखान्यात टूल रूममध्ये काम करते. मामांचं सराफ बाजारामागच्या गल्लीत कारागिरीचं छोटं दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगेला (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर आला, सराफ बाजारात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर दुकानात वीतभर चिखल. शेजारचे लोक चिखल फावड्याने बाहेर ओढत होते आणि मामांनी मात्र तो पोत्यांत भरायला सुरुवात केली. जमिनीच्या फटींत, लाकडी पाटाखाली, ऐरणीच्या बुंध्याशी वर्षानुवर्षं साचलेला कानशीचा कीस त्या चिखलात मिसळला होता. आठ पोती भरली. ती मागच्या पडवीत तशीच पडून राहिली.

सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन सोनं काढणं हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे. झारेकरी दुकानांसमोरची धूळ झाडून नेतात, काठवटीत धुतात. मामांकडेही एक म्हातारे झारेकरी बाबा यायचे. आठ पोती पुराचा गाळ बघून ते म्हणाले, "ही काठवटीची धुलाई नाही, एवढं धुवायला माझा जन्म जायचा." तेव्हा मी पन्हळ मागवली.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगते, कारण पन्हळ घेतली की पहिला विचार गंगेवर जायचा येतो. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि नाशिकपर्यंत सगळी बेसॉल्टवरून वाहते. दख्खनचा हा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. कोलार, हट्टीचं सोनं ज्या धारवाडच्या खडकांत आहे ते २५० कोटी वर्षांहून जुने. ते खडक आपल्या नदीच्या वाटेवर नाहीत, म्हणून इथल्या वाळूत नैसर्गिक सोनं शोधायला जाण्यात अर्थ नाही. शिवाय वाळू गौण खनिज आहे, परवानगीशिवाय उचलता येत नाही, आणि सोन्याचा शोध घ्यायला १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याप्रमाणे परवाना लागतो. त्यामुळे आपला माल म्हणजे दुकानाची धूळ, किंवा हात बसवण्यासाठी बांधकामाला आणलेली वाळू. पन्हळ अंगणात, दोन टबांवर, पाणी फिरतं ठेवून. इथून पुढचं सगळं त्याच मांडणीबद्दल आहे.

गंगेत सोनं नसलं तरी काळी वाळू मात्र भरपूर आहे. पाऊस ओसरल्यावर काठावरच्या वाळूत काळ्या रेघा दिसतात, तिथे लोहचुंबक फिरवलं की मिशा फुटल्यासारखे कण चिकटतात. ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं खनिज, बेसॉल्ट झिजून सुटलेलं. पुराचं पाणी तेच घेऊन सराफ बाजारात आलं. म्हणजे नाशिकमध्ये पन्हळ चालवणाऱ्याचा सामना पहिल्या दिवसापासून काळ्या वाळूशी. बाहेरचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हे कळत नाही, कारण त्यातली वाळू बरेचदा पांढरी, क्वार्ट्झची असते.

हा फरक आकड्यांत सांगते. पाण्याच्या तुलनेत क्वार्ट्झ २.६५ पट जड, बेसॉल्ट साधारण ३, मॅग्नेटाइट ५.२, लोखंड ७.८, शिसं ११.३ आणि शुद्ध सोनं १९.३. दुकानातला कीस बहुतेक २२ कॅरेटचा, म्हणजे १७.७ च्या आसपास. पाण्यात बुडल्यावर प्रत्येकाच्या आकड्यातून एक वजा करायचा, कारण तेवढा भार पाणी उचलतं. मग २२ कॅरेटचं सोनं १६.७ आणि मॅग्नेटाइट ४.२, फरक चौपट. क्वार्ट्झशी तुलना केली तर तोच फरक दहापट येतो. चौपट ऐकायला पुष्कळ वाटतं, पण अगदी बारीक कणांमध्ये खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो. त्यामुळे सोन्याच्या कणाच्या फक्त दुप्पट व्यासाचा मॅग्नेटाइटचा कण त्याच्याइतक्याच वेगाने तळाला जातो. पाण्याला ते दोघे सारखेच. पन्हळ त्यांना वेगळं करूच शकत नाही. हे एकदा नीट समजलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात.

पट्टीमागे बघा, सोन्याकडे नको

काहीही बदलण्याआधी पन्हळ चालू ठेवून पट्टीच्या मागच्या बाजूला दोन मिनिटं नुसतं बघत बसा. पट्टीवरून पाणी उडी मारतं आणि मागे एक छोटा भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यात वाळू सतत हलत राहिली पाहिजे, भाजताना कढईत मोहरी उडते तशी. हलणाऱ्या वाळूत जड कण खाली सरकतात, हलके वर येऊन पुढच्या पट्टीकडे जातात. हाच पन्हळीचा सगळा कारभार. वाळू हलायची थांबली की पट्टी मेली. मग तिच्यामागे काय साठलं आहे याला काही अर्थ राहत नाही, सोन्याला आत शिरायला जागाच नसते.

मी बोटाने दाबून बघते. बोट सहज आत गेलं, वाळू मऊ लागली तर पट्टी जिवंत आहे. बोटाला टणक लागलं की पंप बंद.

पाणी कमी नाही, पन्हळ रुंद आहे

माझी पहिली पन्हळ २५ सेंटिमीटर रुंद होती. अशा पन्हळी वाहत्या ओढ्यात ठेवायच्या असतात, तिथे पाणी फुकट आणि भरपूर. अंगणात आपल्याकडे पंप असतो. मी आधी कूलरचा पंप लावला, पाणी पन्हळीत नुसतं पसरलं, पट्टीवरून जाताना पापुद्र्याएवढं जाड. भोवरा तयार व्हायला खोलीच नाही. मग घरच्या टाकीला पाणी चढवायचा अर्ध्या एचपीचा पंप जोडला. तरीही काठांना पाणी आणि मध्ये वाळूचा उंचवटा.

हिशेब साधा आहे. पट्ट्यांवरून जाणारं पाणी एक ते दीड सेंटिमीटर खोल हवं आणि त्याचा वेग सेकंदाला साठ सेंटिमीटरच्या आसपास. पन्हळ १२ सेंटिमीटर रुंद असेल तर त्याला तासाला साधारण ३००० लिटर पाणी लागतं. तीच २५ सेंटिमीटर रुंद असेल तर ६००० च्या वर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मानू नका, तो पाणी अजिबात चढवायचं नसताना मिळणारा असतो. पाइप जिथे पन्हळीत सोडता तिथेच २० लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. २४ सेकंदांत भरली तर तासाला ३००० लिटर. ४० सेकंद लागले तर १८००, आणि मग १२ सेंटिमीटरची पन्हळसुद्धा तुम्हाला रुंदच.

मोठा पंप घेण्यापेक्षा पन्हळ अरुंद करणं स्वस्त. मी एका फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नवी करून घेतली: ९० सेंटिमीटर लांब, १२ रुंद, कड १० उंच. तोपर्यंत जुन्या पन्हळीत मधोमध ॲक्रिलिकची उभी पट्टी सिलिकॉनने चिकटवून अर्धी बाजू बंद केली होती, तेवढ्यानेही वाळू हलायला लागली. पाणी पन्हळीत शिरतं तिथे पाइप सरळ सोडू नका, त्याची धार एकाच पट्टीला खोदते. पाइपच्या तोंडाला आडवी, भोकं पाडलेली पीव्हीसी नळी लावली की पाणी सारखं पसरतं. आणि पंपाजवळ एक व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पाणी कमीजास्त करायला दरवेळी उतार बदलत बसावं लागतं.

उताराचं फार डोकं खाऊ नका. ९० सेंटिमीटर लांबीला वरची बाजू सात-आठ सेंटिमीटर उंच, इथून सुरू करा. वाळू साचत असेल तर पाऊण सेंटिमीटर वाढवा, पट्ट्यांखाली अंथरलेला गालिचा उघडा दिसायला लागला तर तेवढंच कमी करा. आडवी बाजू मात्र पातळीत हवी, ती लेव्हल बाटलीने तपासाच. मोबाइलचं ॲप मी वापरून पाहिलं, ओल्या हाताने ते जमत नाही.

चाळणी, चाळणी आणि पुन्हा चाळणी

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त कंटाळा इथेच केला जातो. मीही केला. पहिली दोन पोती मी खडीची चाळण लावून तशीच ओतली आणि त्यांतलं बरंच सोनं घालवलं.

वर सांगितलं की दुप्पट व्यासाची काळी वाळू सोन्यासारखीच वागते. मग उपाय हाच, की एका वेळी पन्हळीत जाणाऱ्या मालात सगळ्यात मोठा कण सगळ्यात लहान कणाच्या दुपटीपेक्षा मोठा नसावा. नंबरी जाळ्यांत ही सोय तयारच आहे. ३० नंबरच्या जाळीचं भोक ०.६ मिलिमीटर, ५० नंबरचं ०.३, १०० नंबरचं ०.१५. प्रत्येक पायरीला निम्मं. प्रयोगशाळेच्या पितळी चाळण्या महाग पडतात. मी स्टीलची जाळी विकत आणून तळ कापलेल्या प्लास्टिकच्या बादल्यांना बसवली. माल ओला चाळायचा, पाण्याखाली धरून हलवत. कोरडा चाळला तर बारीक धूळ उडते, आणि आपल्या धुळीत धूळ उडणं म्हणजे सोनं उडणं. तोंडावर मास्क तर हवाच.

३० च्या वर राहिलेला माल पन्हळीत घालूच नका. तो थोडा असतो, परातीत पसरून डोळ्यांनी बघा. मामांच्या पोत्यांत तिथे डाकेचे (दागिना सांधायच्या धातूचे) तुकडे, तारेची टोकं, एक तुटकी बाळी निघाली. ३० ते ५० चा माल वेगळा, ५० ते १०० चा वेगळा आणि त्याखालचा वेगळा धुवा. प्रत्येक गटाला पाणी वेगळं लागतं. जाडा माल पुढे सरकायला जेवढा जोर लागतो तेवढ्यात १०० च्या खालचं सोनं गालिच्यातून उचललं जातं. सगळं एकत्र घातलं की तुम्ही कोणतंही पाणी ठेवा, एका गटासाठी ते चुकीचंच असतं.

मामांनी पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, हे तर आपल्या आजीच्या सुपासारखं झालं. आधी चाळून घ्यायची, मग पाखडायची." बरोबर तेच.

पुराच्या गाळात आणखी एक त्रास असतो, चिकणमातीच्या गोळ्या. वाटाण्याएवढी गोळी पन्हळीतून गडगडत जाताना सोन्याचे कण स्वतःला चिकटवून घेऊन जाते. गाळ आधी दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा, मग ड्रिलला रंग ढवळायचं पातं लावून घुसळा. बोटांत धरून चोळल्यावर गोळी लागली नाही पाहिजे.

लोखंड आधी काढा

दुकानाच्या धुळीत काळ्या वाळूपेक्षाही वाईट गोष्ट असते: कानशी, करवतीची पाती आणि हत्यारांचा लोखंडी कीस. तो मॅग्नेटाइटहून जड आणि वर गंजतो. एका शनिवारी मी पन्हळ भरलेली तशीच ठेवून घरी गेले. सोमवारी बघते तर पट्ट्यांमागे तांबडी पोळी जमलेली, स्क्रूड्रायव्हरने फोडावी लागली. तेव्हापासून पन्हळ रात्रभर भरलेली ठेवायची नाही हा आमच्याकडे नियम आहे.

लोहचुंबक कधी लावायचं यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत पक्कं आहे: दुकानाची धूळ असेल तर पन्हळीच्या आधी, पण पाण्यात. जोरदार चुंबक कोरड्या ढिगात घातलं की लोखंडाचे आणि काळ्या वाळूचे कण झुबक्याने धावून येतात आणि मधले सोन्याचे कण त्या झुबक्यात अडकतात. म्हणून चुंबक प्लास्टिकच्या डबीत घालायचं, उथळ पाण्यात मालापासून बोटभर वर धरून फिरवायचं. चिकटलेलं दुसऱ्या परातीत सोडायचं, तिथे पुन्हा चुंबक फिरवायचं, मग तिसऱ्या. तीनदा उचलल्यावर जे सोबत येतं त्यात सोनं जवळजवळ राहत नाही. तरी मी ते काळं फेकत नाही, वेगळ्या डब्यात ठेवते.

चुंबकाने सगळी काळी वाळू जात नाही. इल्मेनाइटसारख्या दुसऱ्या काळ्या खनिजांचे कण साध्या चुंबकाला दाद देत नाहीत. त्यामुळे चाळणीचं काम टळत नाही.

घाई

पुढचं कारण म्हणजे माल घालायचा वेग. तगारीने ओतायचं नाही. मी स्वयंपाकातला जुना पळा वापरते, तोही अर्धा भरून. घातलेला पळा पहिल्या तीन पट्ट्या ओलांडून पुढे गेला, वरचा भाग पुन्हा मोकळा दिसला की मग दुसरा. वेळ फार लागतो असं वाटतं. पण एक घमेलं सावकाश धुवायला लागणारा तासभर वेळ तेच घमेलं तीनदा धुण्यापेक्षा कमीच असतो.

झारेकरी बाबा पन्हळ पहिल्यांदा चालताना बघायला आले होते. मी पाणी वाढवायला व्हॉल्व्हकडे हात नेला तर म्हणाले, "ताई, पाणी नका वाढवू, हात आवरा." पट्ट्या भरल्या की पाणी वाढवावंसं वाटतं. वाढवलं की वरचा थर निघून जातो, पन्हळ स्वच्छ दिसते, समाधान होतं. त्या थराबरोबर काय गेलं ते दिसत नाही.

तरंगणारं सोनं

पाणी, चाळणी, वेग सगळं जागेवर आणूनही खालच्या टबात पिवळं दिसत असेल तर पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघा. कानशीचा कीस चपटा आणि पातळ असतो. त्यावर हाताचं तेल, मेण, पॉलिशचा वंगणट थर असला की तो पाण्याने भिजतच नाही, पाण्यावर पापुद्र्यासारखा तरंगत निघून जातो. जडपणा तिथे कामाचा नाही.

यावर कारागिरांची जुनी रीत आहे, धूळ आधी भाजायची. लोखंडी तव्यावर, उघड्या जागी, मंद आचेवर. केस, धागे, कागद, मेण, तेल जळून जातं. मग ती राख कुटून चाळायची. भाजलेली धूळ पाण्यात टाकली की लगेच तळाला बसते. भाजताना धूर अंगावर घेऊ नका, त्यात प्लास्टिक असेल तर ते आधी वेचून काढा.

पुराचा गाळ भाजण्याइतका थोडा नव्हता, तिथे मी भांड्यांच्या लिक्विड साबणाचे थेंब वापरते. ५० लिटर पाण्याला पाच-सहा थेंब पुरतात, पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडतो आणि कण बुडतात. साबण जास्त झाला तर फेस होतो, पंप फेस ओढतो आणि फेसाचे बुडबुडे कणांना वर घेऊन जातात. म्हणजे ज्या दुखण्यावर औषध घेतलं तेच वाढतं.

एक प्रकार मला फार उशिरा कळला. मुशीत सोनं वितळवताना आणि डाकेच्या कामात सवागी (बोरॅक्स) वापरतात. ती वितळून काच होते आणि थेंबासारखी जमिनीवर पडते. त्या हिरवट काचेच्या मण्यांत सोन्याचे बारीक कण गाडलेले असतात. काच हलकी, त्यामुळे मणी पन्हळीतून सरळ वाहून जातात. ते हाताने वेचून खलबत्त्यात कुटले आणि मग परातीत धुतले तर त्यातलं सोनं सुटतं. जुन्या मुशींचे तुकडेही असेच.

पाणी गढूळ होऊ देऊ नका

फिरतं पाणी तासाभरात चहासारखं होतं. दाट पाण्यात बारीक कण बसायला वेळ लावतात आणि पट्टी काय करते आहे ते तुम्हालाही दिसत नाही. एका टबाऐवजी दोन ठेवा: पन्हळ पहिल्यात पडेल, पहिल्याचं वरचं पाणी पाइपने दुसऱ्यात जाईल, पंप दुसऱ्यात. तरीही दर दोन घमेल्यांनंतर मी पाणी निवळायला रात्रभर ठेवते. पाणी नळाचं किंवा बोअरचं, काहीही चालतं. वापरलेलं पाणी आणि गाळ गटारात किंवा गंगेत सोडू नका. त्यात साबण, धातूचा कीस, पॉलिशची घाण असते, आणि रामकुंडावर लोक अंघोळ करतात.

गालिचा कोणता

पट्ट्यांखाली काय घालता यानेही काम सोपं होतं. मी वरच्या २० सेंटिमीटरमध्ये पट्टी न लावता नुसती खाचांची रबरी मॅट ठेवते. पहिलं सोनं तिथेच दिसायला लागतं, म्हणजे लगेच कळतं की माल कसा आहे. त्यापुढे दारात टाकतात ती प्लास्टिकच्या वेटोळ्यांची पायपुसणी, तिच्यावर एक्स्पांडेड मेटलची (चिरा पाडून ताणलेल्या पत्र्याची) जाळी आणि जाळीवर आडव्या पट्ट्या. जाळी आणि गालिचा यांत फट राहिली तर पाणी खालून पळतं आणि सगळं धुऊन नेतं, म्हणून पट्ट्या दोन्ही बाजूंनी विंगनटने घट्ट आवळा.

धागेवाला सुती गालिचा घेऊ नका, त्यातून कण बाहेर काढताना नाकीनऊ येतात.

दर घमेल्यानंतर सगळं सोडवून गालिचा बादलीत उलटा करून झटकायचा. पंप आधी हळूहळू बंद करा, झटकन बंद केला तर पन्हळीतलं पाणी एका लाटेत निघून जातं आणि शेवटच्या पट्ट्यांतलं घेऊन जातं.

शिशाचे पन्नास तुकडे

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. पन्हळ नीट चालते आहे की नाही हे सोन्यावर शिकू नका. मासे पकडायच्या गळाचं शिसं घ्या, ऐरणीवर ठोकून पातळ करा आणि कात्रीने बारीक तुकडे करा. ३० नंबरच्या जाळीतून पडणारे आणि ५० वर अडकणारे असे बरोबर ५० तुकडे मोजून घ्या. त्याच जाळ्यांतून काढलेल्या, काळी वाळू भरपूर असलेल्या घमेलंभर वाळूत ते मिसळा, पन्हळीतून घाला, मग गालिचा धुऊन तुकडे मोजा. शिसं सोन्यापेक्षा हलकं आहे, त्यामुळे जी पन्हळ शिसं पकडते ती त्याच आकाराचं सोनं सोडत नाही. शिसं विषारी आहे, हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, आणि तुकडे मोजून परत डबीत.

रुंद पन्हळीत न चाळता माझे ५० पैकी ३१ मिळाले होते. अरुंद केल्यावर ३८. चाळणी लावल्यावर ४६. हात आवरल्यावर ४९. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी सुरुवातीला उतार, पाणी आणि गालिचा तिन्ही एका दिवसात बदलले आणि कशाने काय झालं ते कळलंच नाही, तो सगळा दिवस वाया गेला.

पट्ट्यांमागे पुन्हा टणक लागायला लागलं की मीही याच क्रमाने परत तपासते: बादली आणि सेकंद, मग चाळणी फाटली आहे का, मग पळा किती भरते आहे. चाळणी फाटलेली असण्याची शक्यता वाटते त्याहून बरीच जास्त. जाळी कडेला उसवते आणि दिसत नाही.

पारा नको

बारीक सोनं पकडायला पारा वापरा असं सांगणारे भेटतील. बाजारात जुन्या लोकांनी तो वापरलेला आहे. पारा सोन्याला धरतो हे खरं, पण त्यातून सोनं सोडवताना तो तापवावा लागतो आणि त्याची वाफ मेंदूला, मूत्रपिंडाला इजा करते. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि घराच्या भिंतींत, कपड्यांत ती राहते. पाऱ्याविरुद्धचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला आहे. मामांच्या गल्लीत वर घरं आणि खाली दुकानं आहेत, पोरं खेळत असतात. नायट्रिक ॲसिडही घरी नको. पन्हळीनंतर उरलेलं मूठभर काळं परातीत सावकाश धुवा, जेवढं पिवळं वेगळं होईल तेवढं करा, बाकीचं काळं तसंच सुकवून धूळ गाळणाऱ्याकडे द्या. तो ते वितळवून, कस लावून हिशेब देतो. आमच्या अनुभवाने सांगते, वजन समोर करून घ्या आणि कस लावताना तिथेच थांबा.

आठपैकी सहा पोती आता धुऊन झाली आहेत. पहिल्या दोन पोत्यांचा खालचा गाळ मी सुदैवाने टाकला नव्हता, तो चाळून पुन्हा धुतला आणि तिथूनही बरंच निघालं. उरलेली दोन पोती पॉलिशच्या मशिनजवळची आहेत. बफिंगची धूळ मेणासारखी चिकट असते आणि त्यातलं सोनं १०० च्या जाळीच्या भोकाहूनही खूपच बारीक. तिथे पन्हळीचा उपयोग नाही, भाजल्यावरही नाही. ती दोन पोती आम्ही तशीच गाळणाऱ्याकडे पाठवतो आहोत.

मामांनी मात्र दुकानात एक बदल करून घेतला. जमिनीवरच्या फटी सिमेंटने बुजवल्या, पाटाखाली पत्रा ठोकला आणि उंबऱ्याशी पायपुसणी ठेवली. दर अमावास्येला ती पायपुसणी माझ्याकडे येते आणि ३० नंबरच्या चाळणीतून पन्हळीला लागते.